नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी आहे असं सांगितलंय. गोळी सुरू करावी का? घरी काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी गोळी लिहून देऊन पंधरा दिवस झाले, पण पाकीट कपाटातच आहे. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय, बाई म्हणतात हुशार आहे पण मन लावत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीचं हेच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याचं, निदान ती दहा वर्षांची असताना झालं, आता ती सतरा वर्षांची आहे. तेवढ्या अनुभवावर सांगते.

ती पळापळ करणाऱ्यांतली नव्हती. वर्गात गप्प बसायची, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलींच्या बाबतीत असं फार होतं. घरी मात्र सगळे तिला वेंधळी म्हणायचे, मीसुद्धा. खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवतेय आणि मोजे घालायला आत गेलेली ही एकाच पायात मोजा घालून पलंगावर बसलेली, मांडीवर उघडून ठेवलेलं आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ. मी ओरडायचे, "कशाला गेली होतीस आत?" ती लगेच सांगायची, "मोजे घालायला." उत्तर कधी चुकायचं नाही. काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून होत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर समजावून झालं, रागावून झालं, "पुन्हा असं करणार नाही" असं शंभरदा वदवून घेऊन झालं.

कपाळामागचा मेंदूचा भाग हातातलं काम धरून ठेवतो आणि मध्येच खुणावणाऱ्या गोष्टी थोपवतो. या मुलांमध्ये तिथलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांचं काम वेगळं चालतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूंच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाह्यपटलाचा निम्मा भाग इतर मुलांमध्ये सरासरी साडेसातव्या वर्षी पूर्ण जाडीला पोचला होता, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षी. हा सरासरीचा हिशेब आहे, आणि मूल किती हुशार आहे ते त्यावरून ठरत नाही. पण मला तो रोज उपयोगी पडला. स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मी दहा वर्षांच्या मुलीला सात वर्षांची धरू लागले, आणि निम्मा राग तिथेच उतरला.

सासूबाई बहुतेक असंही म्हणत असतील की टीव्हीवर मॅच तासभर बघतो, तेव्हा कसं लागतं लक्ष? मॅचमध्ये दर चेंडूला काहीतरी घडतं. गणिताच्या वहीत पाऊण तासाने घडतं, तेही घडलं तर. लक्ष या मुलांकडे असतं, ते हवं तिथे वळवणं जड जातं. आणि लाडाचा मुद्दा काढला तर त्यांना सांगा की जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आढळली आहे. आमच्याकडे हे ऐकून सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच होता. मार खाऊन खाऊन शाळा सोडली त्याने." त्या दिवसानंतर घरात तिला कुणी वेंधळी म्हटलं नाही.

निदान नीट झालंय का, तेही बघा. यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून, किमान सहा महिने, आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. डॉक्टरांनी बाईंचं म्हणणं विचारलं नसेल तर तुम्ही ते लेखी घेऊन जा. कान, डोळे, झोप तपासून घ्या. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित यातली खास अडचण, सोबत आहे का, तेही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचं नाव आहे, एडीएचडीचं वेगळं नाही, त्यामुळे परीक्षेतल्या सवलतींच्या वेळी याने फरक पडतो. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आता गोळी. बहुधा मिथाइलफेनिडेट असेल. ती अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, म्हणून औषधाच्या दुकानात चिठ्ठी नीट बघतात, आणि "नशेची गोळी" ही भीती तिथूनच घरात शिरते. मीही महिनाभर घाबरले होते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, त्यांच्या देखरेखीखाली घेतली तर मुलाला तिचं व्यसन सहसा लागत नाही. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू होते आणि साधारण चार तासांत उतरते. भूक मरते, म्हणून आम्ही आधी पोटभर नाश्ता द्यायचो आणि रात्रीचं जेवण उशिरा. वजन, उंची, नाडी, रक्तदाब नियमित बघावे लागतात. घरात कुणाला हृदयविकार असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण सुचवतात. नवव्या वर्षी दोन्ही सोबत चालू शकतं, आणि माझं मत विचाराल तर चालवावं. गोळीने मुलीला थांबता येऊ लागलं, पण सवयी आम्हालाच लावाव्या लागल्या.

त्यासाठी आठवण त्या कामाच्या जागी नेऊन ठेवली. मोजे बुटांतच, बूट दाराशी, दप्तर रात्रीच त्यांच्या शेजारी. एका वेळी एकच सूचना, तीही खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या खोलीतून ओरडून नाही. अभ्यास पंधरा मिनिटं, स्वयंपाकघरातला टायमर समोर, मग उठून एक चक्कर. सगळ्यात मोठा बदल बक्षिसात केला. आधी आम्ही म्हणायचो, सहामाहीत चांगले मार्क मिळव, सायकल घेऊ. सहामाही तिच्यासाठी इतकी लांब होती की ती नसल्यासारखीच. मग रोज संध्याकाळी, त्याच दिवशी: वही पूर्ण झाली की बाबांबरोबर अर्धा तास बॅडमिंटन. बाईंना मी एवढंच विनवलं की खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवा, आणि शिक्षा म्हणून पीटीचा तास काढून घेऊ नका.

पाकिटाबद्दल डॉक्टरांना उद्याच फोन करा. आमच्या डॉक्टरांनी पहिली गोळी रविवारी सकाळी द्यायला सांगितली होती, म्हणजे दिवसभर आम्हाला बघता येईल. एका वहीत वेळ, जेवण, झोप, चिडचिड लिहून ठेवा. दुपारनंतर अचानक रडू किंवा राग आला तर तोही वेळेसकट लिहा, कारण तो गोळी उतरतानाचा असू शकतो, आणि मात्रा ठरवताना डॉक्टर आधी तेच विचारतात.