पैसा बोलतो, आणि कोर्ट म्हणतं बोलू द्या

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते. तिथल्या निवडणुकांमधल्या पैशाचा विषय निघाला की म्हणते, आता घटनाच बदलायला पाहिजे. साधा कायदा करून भागत नाही का? आणि आपल्याकडे पण तसंच करावं लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मुलगी बरोबर बोलतेय. तिकडे कायदे झाले नाहीत असं नाही, झाले, पण कोर्टात टिकले नाहीत. 1976 ला बकली खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की उमेदवाराला देणगी किती द्यायची याला लिमिट घाला, पण प्रचारावर खर्च किती करायचा याला नाही, कारण पैशाशिवाय प्रचार होत नाही, म्हणजे खर्च अडवला की बोलणंच अडवलं, आणि बोलण्याचं स्वातंत्र्य तर घटनेनेच दिलेलं. मग 2010 मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्याच्या निकालाने 5 विरुद्ध 4 मतांनी कंपन्या आणि युनियननाही ती मोकळीक दिली, आणि पाठोपाठ सुपर पॅक आले, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारासाठी हवा तेवढा पैसा गोळा करणाऱ्या आणि उडवणाऱ्या संस्था. उमेदवाराच्या हातात थेट द्यायचे तर काही हजार डॉलरच, पण 'आम्ही त्याच्याशी ठरवून करत नाही हो' म्हटलं की त्याच्याच बाजूने जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओता. (ठरवून करत नाहीत म्हणे!)

तिथल्याच माँटाना राज्याचं उदाहरण बघा. तिथे तांब्याच्या खाणमालकांचं राज्य होतं, त्यातल्या विल्यम क्लार्कने आमदारांना (तेव्हा सिनेटर तेच निवडायचे) लाच देऊन सिनेटची जागा मिळवली असा आरोप झाला आणि 1900 मध्ये त्याला ती सोडावी लागली, तरी पुढच्याच वर्षी गडी परत निवडून आला. वैतागून लोकांनी 1912 मध्ये स्वतः मतदान करून कंपन्यांच्या पैशावर बंदी आणली. ती शंभर वर्षं चालली आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावणी न घेताच उडवली. आता कोर्ट स्वतःच मागे फिरलं तरच, नाहीतर घटनादुरुस्ती. त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर 38 राज्यांची मंजुरी लागते. 2014 मध्ये सिनेटमध्ये असा प्रस्ताव आला होता, 54 विरुद्ध 42, म्हणजे चर्चा संपवून मतदानाला घ्यायला लागणारी 60 मतंसुद्धा जमली नाहीत.

आपल्याकडे घटना आडवी येत नाही. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची खर्चमर्यादा आहेच, पण पक्षाला मर्यादाच नाही, तो कितीही उडवो. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. झालं, त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो हिशोबाबाहेर ठेवला. म्हणजे इथे कोर्टाने दार लावलं आणि राजकारण्यांनी उघडलं. ते बंद करायला साध्या बहुमताचा कायदा पुरेल, फक्त तो ज्यांनी पास करायचा त्यांचाच खर्च त्यात अडकतो.

गंमत म्हणजे ज्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर तिकडे पैसा मोकळा सुटला, त्यातूनच निघणाऱ्या मतदाराच्या माहितीच्या हक्कावर आपल्या कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायची सोय, रद्द केले. 2017 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची मर्यादा काढली होती, तो बदलही त्यातच गेला.