लॉग केबिन ब्लॉक तोच ठेवून क्विल्टच्या डिझाइनमध्ये वेगळेपणा कसा आणावा?

तुम्ही विचारलंय की लॉग केबिनचे ब्लॉक (क्विल्टचे, म्हणजे गोधडीसारख्या पांघरुणाचे, चौकोनी तुकडे) शिवायला जमतात, पण सोळा एकत्र जोडले की नुसत्या चौकटीच चौकटी दिसतात, मग काय बदलायचं? माझं म्हणणं, पट्ट्यांची रुंदी बदला. नवीन रंग आणायला बाजारात जाऊ नका, मी ते करून पस्तावले आहे.

ज्यांना ब्लॉक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मध्ये एक चौकोन, त्याच्याभोवती एकेक पट्टी फिरवत जायची. लगतच्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. ओंडके रचून बांधलेल्या घरासारखा दिसतो म्हणून हे नाव. अमेरिकेत १८६० च्या दशकात तो घरोघरी पोचला. मधला चौकोन लाल ठेवायची पद्धत आहे, ती म्हणे घरातली चूल.

आता बदल. फिकट पट्ट्या दीड इंच रुंद कापा, गडद पट्ट्या एकच इंच. मधला चौकोन दीड इंचाचा. दोन्हीकडून पाव पाव इंच शिवणीत गेलं की फिकट पट्टी १ इंच उरते, गडद अर्धा इंच. चारही बाजूंना एकेक पट्टी लागली की एक फेरी; अशा चार फेऱ्या पूर्ण झाल्या की ब्लॉक साडेसात इंच भरतो, जोडल्यावर ७ इंच. गंमत अशी होते की मधला चौकोन मध्ये राहतच नाही, गडद कोपऱ्याकडे सरकतो. फिकट आणि गडद यांच्यातली पायऱ्यांची रेषाही सरळ कर्णावर न जाता त्या बाजूला वाकते. असे चार ब्लॉक फिकट कोपरे आत करून ठेवा, मध्ये १४ इंचांचं वर्तुळ दिसतं. सगळ्या शिवणी सरळ, कात्रीसुद्धा कुठे वळवलेली नाही, तरी गोल! सोळा ब्लॉकमध्ये अशी चार वर्तुळं होतात आणि ती जिथे एकमेकांना टेकतात तिथे मधोमध आत वळलेल्या बाजूंची गडद चांदणी आपोआप उमटते. तयार माप २८ बाय २८, बाळाच्या दुपट्याएवढं. पहिल्या प्रयोगाला पुष्कळ झालं.

इथे एका गोष्टीवर अडून बसते, ती म्हणजे शिवण. पाव इंच म्हणजे आपले दोन सूत. एका ब्लॉकमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आठ शिवणी येतात. प्रत्येक शिवण फक्त अर्धा सूत जास्त गेली, तरी दोन्ही कापडांचं मिळून एक सूत कमी होतं. आठ सूत म्हणजे अख्खा इंच गेला! मी मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंच मोजून चिकटपट्टीचे तीन-चार थर लावलेत, कापडाची कड त्याला टेकवून चालवते. प्रत्येक फेरीनंतर मोजा, शेवटी मोजून उपयोग नाही. पट्ट्या उभ्या धाग्यात कापा, आडव्यात ताणतात, आणि उरेबात (तिरक्या धाग्यात) तर नावच काढू नका. जुन्या सुती साड्या वापरणार असाल तर पट्ट्या पातळ मांजरपाटाच्या चौकोनावर शिवत जा. जुन्या अमेरिकन लॉग केबिनमध्येही खाली असं कापड असायचं. मात्र थर वाढतात, मग हातानं धावदोरा घालताना बोटं दुखतात.

रंगाबद्दल एवढंच की रंग कुठला यापेक्षा तो किती गडद हे महत्त्वाचं. माझी पहिली क्विल्ट इथेच फसली. आईच्या निळ्या साडीवर पांढरी बुट्टी होती. हातात घेतल्यावर गडद वाटायची, चार पावलं मागे गेल्यावर राखाडी. वर्तुळ तिथे विरघळून गेलं. आता कापायच्या आधी सगळी कापडं शेजारी पसरून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढते. जे मधल्यामध्ये लटकतं ते अस्तराला.

तयार असलेल्या सोळा ब्लॉकचं काय? ते नुसते फिरवून बघा. कर्णात पट्टे आणले की नांगराच्या तासांसारखं दिसतं, या मांडणीला 'स्ट्रेट फरोज' म्हणतात. मध्यापासून बाहेर शंकरपाळ्याचे आकार वाढवत नेले की 'बार्न रेझिंग'. जमिनीवर मांडा, फोटो काढा, एक रात्र तसंच राहू द्या (मांजर नसेल तर).

याच्या पुढे जायचं असेल तर अलाबामातल्या जीज बेंडच्या क्विल्ट बघा. गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांच्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या शिवलेल्या. त्यांचा 'हाउसटॉप' हा याच घराण्यातला, पण मधला चौकोन कुठेही, पट्ट्या तिरक्या, एखादी अचानक भगभगीत लाल. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या होत्या, २००६ मध्ये अमेरिकेनं त्यांवर टपाल तिकिटं काढली. आणि आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायकांची गोधडी, 'कवंदी', बरोबर उलटी: कापडं बाहेरच्या कडेपासून लावत लावत आत मध्यापर्यंत येतात, मापपट्टी नसते, आणि चार कोपऱ्यांना त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

तुम्ही आधी चारच ब्लॉक शिवा. साडेसात भरले तर पुढचे बारा कापा, नाही भरले तर चिकटपट्टी सरकवा.