नव्या सिस्टिमच्या नादाला लागण्याआधी

अरे पोरा,

तुझा मेसेज वाचला, नवीन मोबाईल सिस्टिम येतेय आणि तिच्यावर पहिलं ॲप आपण काढलं की मार्केट आपलंच म्हणे. हाच हिशेब मी विंडोज फोनच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मोबाईल सिस्टिमच्या, वेळी केलेला की, म्हणून सांगतोय. फोन देखणा होता, 2014 ला मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला तेव्हा तर मला वाटलं आता आपलं नशीब उघडलं. पण लोक नाहीत म्हणून ॲपवाले येईनात आणि ॲप नाहीत म्हणून लोक येईनात, 2019 संपताना व्हॉट्सॲपसुद्धा त्याच्यावर बंद झालं. माझं काम तसंच पडून राहिलं, दोष कुणाचा नाही, हट्ट माझाच.

तेव्हा तू आधी आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत अर्धा तास उभा राहून बघ, होलसेलवाला, हमाल, गिऱ्हाईक कुणाच्या हातात काय आहे ते. अँड्रॉइडच दिसणार, तोही स्वस्तातला आणि स्टोरेज फुल्ल झालेला, म्हणजे ॲप हलकं पाहिजे आणि नेट गेलं तरी चाललं पाहिजे, खानापूरच्या जंगलाकडे रेंजचं काय होतं ते तुला मी काय सांगू. आणि मराठी, कन्नड दोन्ही पहिल्या दिवसापासून ठेव बघ, मालक मराठी असला तरी गल्ल्यावरचा पोरगा कन्नड असू शकतो, नंतर घालू म्हटलं की शब्द बटणात मावत नाहीत आणि सगळी स्क्रीन परत मांडत बसायला लागतं, मी बसलोय.

पैशाचं म्हणशील तर गूगलकडे ॲप टाकायचं अकाउंट उघडायला 25 डॉलर एकदाच, ॲपलकडे 99 डॉलर दर वर्षी. ॲपमध्ये डिजिटल सबस्क्रिप्शन विकलंस तर गूगल साधारण 15 टक्के ठेवून घेतं पण कुंद्याच्या मिठाईचे बॉक्स विकलेस तर त्यातलं काही द्यायला लागत नाही, काय विकायचं ते हे बघूनच ठरव.

अजून एक, नवीन पर्सनल अकाउंट असेल तर प्ले स्टोअरवर सोडायच्या आधी 12 जण सलग 14 दिवस टेस्टिंगला लागतात. मित्र हो हो म्हणतात आणि चौथ्या दिवशी ॲप काढून टाकतात, त्यापेक्षा गल्लीतलं गणपती मंडळ धर.

नवी सिस्टिम येऊ दे की, तिच्यावर अँड्रॉइडची ॲपं चालतात का तेवढं विचारून ठेव. रविवारी टिळकवाडीत घरी ये, माझा तो जुना फोन दाखवतो, अजून चालू होतो.