मांडीच नीट बसत नाही, मग योग कसला?

या महिन्याच्या टपालात आसनांपेक्षा मनाविषयीची पत्रं जास्त आहेत. मला त्याचं बरं वाटलं. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलं आहे, म्हणून कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : वय ४६. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. थायरॉइडचं दुखणं लागल्यापासून वजन वाढलंय. डॉक्टर म्हणाले म्हणून योगवर्गाला जाते. हॉलच्या एका भिंतीला आरसे आहेत. शेजारच्या मुली पद्मासनात ताठ बसतात आणि माझे साध्या मांडीतसुद्धा गुडघे वर राहतात. शेवटी शवासनात बाई सांगतात, 'स्वतःला आहे तसं स्वीकारा.' मला रडूच फुटतं. स्वीकारायचंच असेल तर पहाटे उठून हा आटापिटा कशाला? आणि सुधारायचं असेल तर स्वीकारू कशी?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांसाठी हे पत्र मी सगळ्यांत वर घेतलं. पण आधी गुडघ्यांचं बोलू, कारण तिथं इजा होऊ शकते.

पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा. दुमडायचं आणि उघडायचं एवढंच त्याचं काम, पीळ त्याला सोसत नाही. खुबा मोकळा नसताना पाऊल ओढून मांडीवर ठेवलं, की सगळा पीळ गुडघ्यातल्या कूर्चेवर येतो. खुब्याच्या हाडाची ठेवणही माणसागणिक वेगळी असते. काहींना जन्मभर पद्मासन येत नाही आणि त्यात त्यांच्या साधनेचा काही दोष नसतो.

घरी असं करून बघा. घोंगड्याची चांगली चार बोटं उंच घडी घाला आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर मागं ढासळणार नाही. गुडघे तरीही अधांतरी राहिले तर दोन्हींखाली उशा सरकवा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. आता आत पाहा. दातांवर दात दाबले गेलेत का? जीभ टाळूला घट्ट चिकटलीय का? पायाची बोटं आखडलीत का? एकेक जागा सोडवत जा. घाई करू नका. बोटं सोडवायला गेलात की दात पुन्हा आवळलेले सापडतील. तेही नुसतं पाहा आणि परत सोडा. थोड्या वेळानं श्वास छातीतून खाली पोटाशी उतरतो. तुमचं आसन लागलं ते इथं. मंगळवार पेठेतल्या माझ्या वर्गात काही आज्ज्या खुर्चीवर बसतात, आणि त्यांच्याइतकं स्थिर बसणं तरुण मुलींना अजून जमलेलं नाही.

पतंजलींची योगसूत्रं १९५, काही प्रतींत १९६. त्यांत आसनावर फक्त तीन आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. 'स्थिरसुखमासनम्' हे पहिलं. प्रयत्न सैल सोडला आणि चित्त अनंताशी जोडलं की ते साधतं, हे दुसरं. मग द्वंद्वांचा आघात होत नाही, हे तिसरं. थंडी-ऊन, मान-अपमान ही ती द्वंद्वं. आरशातली तुलनाही मी त्यांतच धरते.

आता तुमचा पेच. योगाच्या आठ अंगांत आसनाचा नंबर तिसरा. त्याआधी यम, म्हणजे वागण्यातले संयम, आणि नियम, म्हणजे स्वतःला लावायच्या सवयी, येतात, आणि यमांत अगदी पहिली अहिंसा. आपण ती दुसऱ्यांपुरती पाळतो. शेजारच्या चटईवरच्या बाईला तुम्ही 'केवढी सुटलीस, लाज नाही वाटत?' असं म्हणाल का? कधीच नाही. आणि स्वतःला रोज सकाळी आरशात बघून तेच ऐकवता. ही हिंसा आहे ताई, आणि योगाची सुरुवात ती थांबवण्यापासून होते. दुसरा यम सत्य. मांडी आज एवढीच बसते, हे खरं म्हणून पाहिलंत, की खुब्यासाठी उद्या काय करायचं ते सुचतं. त्याची लाज धरलीत, तर गुडघ्यातली कळही बाईंपासून लपवाल आणि एक दिवस लंगडत घरी याल. तेव्हा स्वीकार आणि सुधारणा यांत निवड करायचीच नाहीये. आधी आहे ते बघायचं आणि तिथूनच पुढं हात घालायचा. पतंजलींनी अभ्यासाला 'दीर्घ काळ, खंड न पाडता, आदरानं' अशा तीन अटी घातल्या आहेत. तो आदर तुमच्या गुडघ्यांनाही द्या.

आणि बाईंना सरळ सांगा, 'मला आरशापासून लांबची जागा द्या.' चांगली शिक्षिका लगेच देईल.

प्रश्न : वय ७१. शिवाजी पेठेत तालमीत वाढलो. खासबागेत कुस्त्या मारल्यात. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी आली. तालमीकडं फिरकत नाही. पोरं वाटेत 'वस्ताद' म्हणून पाया पडतात, तेव्हा आत काहीतरी तुटतं. नात म्हणते योग करा. मी म्हणतो, ज्या शरीरावर सगळं उभं होतं तेच गेलं. आता योग करून मिळवायचं काय?

उत्तर : वस्ताद, नमस्कार. तुमचं पत्र मी माझ्या वर्गात वाचून दाखवलं, नाव न सांगता. बराच वेळ कोणी बोललं नाही.

'शरीरावर सगळं उभं होतं' असं तुम्ही लिहिलंत. पतंजलींनी माणसाला छळणारे पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग (म्हणजे इथं आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश. पाहणारा आणि पाहायचं साधन ही दोन एकच वाटू लागणं, ही अस्मिता. आपल्या गावात तर ती वाटावीच अशी रीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि तेव्हापासून इथं मांडी-दंडावर घराची, गल्लीची, तालमीची अब्रू तोलली गेली. त्या मातीत वाढलेल्या माणसाला 'हे शरीर म्हणजेच मी' वाटलं तर त्यात नवल काय? आणि देहाला धरून राहण्याची ओढ, म्हणजे अभिनिवेश, जाणत्यालाही सुटत नाही, असं सूत्रातच म्हटलंय. त्या तुटण्याचा कमीपणा मानू नका.

पण एक आठवून बघा. कुस्ती रंगात आलेली असताना, समोरच्याच्या मानेवर हात असताना, तुम्हाला आतून कळत असे की आपला दम किती उरलाय. समोरच्याचा श्वास कुठं अडखळतोय, कुठल्या पायावर भार पडलाय, सगळं दिसत असे. छाती भात्यासारखी चालत होती, पण ते पाहणारा कुणीतरी धापा टाकत नव्हता. आज जिना उतरताना गुडघा कुरकुरतो हे ज्याला कळतं तो तोच आहे. त्याचं ऑपरेशन झालेलं नाही. योगदर्शन त्याला द्रष्टा म्हणतं. चित्ताच्या वृत्ती, म्हणजे मनात उठणाऱ्या लाटा, थांबल्या की द्रष्टा आपल्या स्वरूपात राहतो, हे योगसूत्रांतलं तिसरंच सूत्र आहे. तुम्ही त्याची चव घेतलेली आहे, फक्त त्याचं श्रेय मांड्यांना दिलंत. हे मी तुमची समजूत घालायला लिहीत नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

करायचं काय ते सांगते. पहाटे उठायची सवय तुमच्या अंगात असणारच. हात नसलेल्या खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. श्वास रोखायचा नाही. फक्त सोडायचा तो घेतल्यापेक्षा थोडा लांब. जोर-बैठकांत आपण आकडे मोजत आलो, इथं आकडा नको. श्वास सोडून झाला की पुढचा आपोआप येईपर्यंत किंचित थांबा लागतो, तो बघा. एवढंच. बाकी हालचाल तुमच्या सर्जनला विचारून.

आणि तालमीत जा. हे मी आग्रहानं सांगते. चित्त प्रसन्न राहायला पतंजली चार भावना सांगतात : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसावर करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट करणाऱ्याकडं दुर्लक्ष. हौदाच्या कडेला बसा. तेल, ताक, हळद घातलेल्या त्या मातीचा वास येईल आणि पहिल्यांदा कळ उठेल. उठू दे. दुःखी माणसांवर करुणा करायची त्यांत तुम्हीही आलात. मग एखादं पोरगं नेमकं वेळेवर पट काढेल आणि तुमच्या तोंडून आपसूक 'वाः रे' निघेल. ते निघतं त्या क्षणी आत काय होतं ते पाहून ठेवा, आणि जमलं तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : वय २८. गाव भुदरगड तालुक्यात. कोल्हापुरात खोली करून एमपीएससीचा अभ्यास करतो. मुख्य परीक्षेत दोनदा अडकलो. वडील काहीच बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. अभ्यासिकेत बसलं की डोक्यात एकच चालू असतं, 'तू कशाच्याच लायकीचा नाहीस.' सकारात्मक विचारांचे व्हिडिओ बघून वीट आलाय. योगातली 'प्रतिपक्षभावना' म्हणजे तेच का?

उत्तर : नाही रे बाळा. 'मी हुशार आहे, मी जिंकणार' असं घोकायला पतंजलींनी कुठंही सांगितलेलं नाही. त्रास देणारा विचार आला की त्याची झडती घ्या, असं योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, ते सूत्र सांगतं. हा विचार मी स्वतः केलाय, कोणी करवलाय, की मी नुसती मान डोलावलीय? तो लोभातून आलाय, रागातून की मोहातून? सौम्य आहे, मध्यम की तीव्र? आणि त्याचं फळ काय? दुःख आणि अज्ञान, न संपणारं.

अभ्यासाच्या वहीचं शेवटचं पान यासाठी ठेव. ते वाक्य आलं की जसंच्या तसं लिही आणि त्याच्याखाली हे प्रश्न. कदाचित लक्षात येईल की हे वाक्य पहिल्यांदा एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून आलं होतं आणि तू फक्त 'हो' म्हणालास.

अजून एक. पतंजली वृत्ती पाच सांगतात. पहिली प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान. दुसरी विपर्यय, म्हणजे चुकीचं ज्ञान. मुख्य परीक्षेत गुण कमी पडले हे प्रमाण, कारण गुणपत्रिका हातात आहे. 'मी नालायक' हा विपर्यय. दोन्ही एकाच दमात मनात येतात, म्हणून दोन्ही सारखेच खरे वाटतात. पण त्या दोन्ही वृत्तीच आहेत, आणि त्या येताना-जाताना पाहणारा तू वेगळा आहेस. 'उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्', आपणच आपल्याला वर काढावं, खचवू नये, असं गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात. शाळेत संस्कृत शिकवायची तेव्हा मी हा श्लोक मुलांकडून पाठ करून घेत असे. तू अर्थासकट पाठ कर.

पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही हा व्यवहाराचा प्रश्न आहे. तो वय, पैसा आणि किती संधी उरल्यात ते बघून ठरव, त्या वाक्याच्या धाकानं नको. आणि या रविवारी घरी जा. वडिलांबरोबर उसाच्या बांधावर बस आणि विचार, 'बाबा, तुम्हाला काय वाटतं?' त्यांच्या गप्प राहण्यात सध्या तूच शब्द भरतोयस.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा झाल्यासारखं वाटत असेल, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नकोस. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरांना भेट. औषध घेणं आणि योग करणं यांत काहीही विरोध नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. 'संतोष' हा नियम आहे म्हणे. मग 'ठेविले अनंते' म्हणून गप्प बसायचं? धंदा वाढवायचा नाही?

उत्तर : वाढवा की! नियमांचा क्रम बघा : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाला खेटूनच तप आहे, म्हणजे हातपाय हलवायला बंदी नाही. तुकोबांच्या त्या अभंगाची लोक अर्धीच ओळ म्हणतात. तिला जोडून 'चित्ती असो द्यावे समाधान' आहे, आणि पुढं 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ' आहे. तेवढा उद्वेग वाहू नका. नवीन लेथ घ्यायची की नाही हे तुमच्या ऑर्डरी आणि कर्जाचा हप्ता बघून ठरवा. शेजारच्या शेडमध्ये नवं सीएनसी यंत्र आलं म्हणून नको.

प्रश्न : ध्यानात निळा प्रकाश दिसतो. मैत्रीण म्हणते, तुझी जागृती झाली. खरं का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : दिसतो तर दिसू दे ताई, त्याच्या मागं जाऊ नका. योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींचं, म्हणजे साधनेतून मिळणाऱ्या अचाट शक्तींचं, एवढं वर्णन करून पतंजली म्हणतात की त्या समाधीतल्या अडचणी आहेत. प्रकाशाचं काय घेऊन बसलात! जागृतीची खूण मी स्वयंपाकघरात शोधते. दूध उतू गेलं, मुलावर ओरडायला तोंड उघडलं, आणि ओरडण्याआधीच 'मला राग आलाय' हे तुम्हाला कळलं का? कळत असेल तर साधना नीट चालली आहे. आणि तो प्रकाश डोळे उघडे असतानाही चमकत असेल, समोर काळे ठिपके तरंगत असतील किंवा डोकं दुखत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि याच आठवड्यात.