सत्ता मिळणारच नाही अशा देशात विरोधी नेत्याच्या कारकिर्दीला अर्थ असतो का?

ज्या छोट्या देशात एकच पक्ष वर्षानुवर्षे सत्तेवर आहे, तिथे विरोधी नेत्याच्या कारकिर्दीतून काय साध्य होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बरेच काही साध्य होते, मात्र त्याचे फळ बहुधा पुढच्या माणसाच्या पदरात पडते. सिंगापूरचे जे. बी. जेयारत्नम यांची वाटचाल पाहिली की हे लक्षात येते.

जेयारत्नम मूळचे सिलोनी तमिळ. लंडनमध्ये कायदा शिकून ते सिंगापूरच्या न्यायसेवेत आले, जिल्हा न्यायाधीश झाले आणि १९६३ मध्ये नोकरी सोडून वकिली करू लागले. १९७१ मध्ये त्यांनी मरगळलेल्या वर्कर्स पार्टीची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर पाच निवडणुका ते हरले. १९६८ पासून संसदेतील एकूण एक जागा पीपल्स ॲक्शन पार्टीकडे होत्या. ही मक्तेदारी ३१ ऑक्टोबर १९८१ रोजी ॲन्सनच्या पोटनिवडणुकीत जेयारत्नम यांनी सुमारे ५२ टक्के मते मिळवून मोडली.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. पक्षाच्या हिशेबांबाबत खोटे निवेदन केल्याच्या आरोपावरून १९८६ मध्ये त्यांना एक महिना कैद आणि ५,००० डॉलर दंड झाला. २,००० डॉलर किंवा त्याहून अधिक दंड झालेल्या सदस्याचे सदस्यत्व रद्द होत असे आणि पाच वर्षे निवडणूक लढवता येत नसे, त्यामुळे त्यांची जागा गेली. त्यांची वकिलीची सनदही रद्द झाली. सनदेचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे गेले, तेव्हा १९८८ मध्ये तेथील न्यायमूर्तींनी त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचे स्पष्ट नोंदवून सनद परत दिली; परंतु फौजदारी शिक्षा त्या अपिलाच्या कक्षेबाहेर असल्याने ती कायम राहिली आणि राष्ट्राध्यक्षांनी माफीही नाकारली. निर्दोषत्वाच्या इतक्या जवळ पोहोचूनही ज्याला निवडणुकीबाहेर बसावे लागले, त्याची चिकाटी मला फार मोठी वाटते.

पुढे सत्ताधारी नेत्यांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यांत त्यांच्यावर भरपाईचा मोठा बोजा पडला. हप्ता वेळेवर न भरल्यामुळे २००१ मध्ये ते दिवाळखोर ठरले आणि १९९७ पासूनचे बिगर-मतदारसंघ सदस्यत्व (पराभूत विरोधी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांना दिली जाणारी संसदेतील जागा) त्यांनी गमावले. त्या काळात हा माजी न्यायाधीश रस्त्यावर उभा राहून स्वतःची पुस्तके विकत असे. २००७ मध्ये दिवाळखोरीतून मुक्त झाल्यावर त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली, २००८ मध्ये रिफॉर्म पार्टी स्थापन केली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वर्कर्स पार्टीतच त्यांच्यानंतर सरचिटणीस झालेले लो थिया किआंग यांनी वेगळी रीत धरली: आरोप मोजूनमापून करायचे आणि मतदारसंघ घट्ट बांधायचा. १९९१ मध्ये जिंकलेले हाउगांग त्यांनी वीस वर्षे राखले आणि २०११ मध्ये ते सोडून अल्जुनीडच्या पाच जागांच्या गट-मतदारसंघात (जिथे पक्षाचा पूर्ण गट एकत्र लढतो आणि जिंकणाऱ्या गटाला सर्व जागा मिळतात) उतरले, तेव्हा त्या पाचही जागा पक्षाला मिळाल्या. लो यांची सावध शैली अधिक यशस्वी ठरली हे मान्य करूनही मी म्हणेन की, विरोधकाला मत देता येते आणि तो निवडूनही येतो, हे सिंगापूरच्या मतदाराला ॲन्सनने आधी दाखवले होते.