आजोबांचा जुना ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीला जोडू का?

तुम्ही लिहिलंय की 1970 च्या दशकातला आजोबांचा ट्रॅक्टर गोठ्यामागं उभा आहे, इंजिन अजून फिरतंय, तर यंदा उसाच्या ट्रॉलीला जोडू का आणि जुने ट्रॅक्टर धोक्याचे म्हणतात ते खरं का. इंजिनाचं तुमचा मिस्त्री बघेल. धोक्याचं मी सांगतो, कारण आमचे नाना, माझे धाकटे चुलते, असल्याच ट्रॅक्टरखाली गेले.

आमचं गाव हुक्केरी तालुक्यात, हिडकलच्या कालव्याखाली. काळं रान, त्यात पाणी मुरलेलं. भरलेली ट्रॉली सरीत रुतली, म्हणून ट्रॅक्टर सोडवून पुढं घेतला आणि साखळीनं ओढायचं ठरलं. साखळी चिखलात लोळू नये म्हणून खालच्या हुकाला न लावता वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या हाताच्या, पिनेत अडकवली. नाना सीटवर होते, साखळी लावणारे दुसरे. पहिला गिअर, क्लच सुटला. मागची चाकं चिखलात आवळलेली, फिरेनात. चाकं फिरेनात की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं धूडच मागच्या आसाभोवती उचलतो, आणि ओढ आसाच्या वर असली तर त्याला आणखी हात देते. पुढची चाकं उठली ती उठलीच. स्टिअरिंग नानांच्या छातीवर आलं. सगळं एक-दीड सेकंदात. क्लच दाबायला पाय पोचेपर्यंत माणूस पाठीवर पडलेला असतो.

गाव म्हणालं, पिऊन होता. नाना माळकरी होते, पंढरीची वारी करायचे. काकूनं हे आयुष्यभर ऐकून घेतलं. थोरले आबा अजून म्हणतात, 'चालवणाऱ्याला अक्कल पाहिजे.' साखळी वर का लावली, हे कुणी विचारलं नाही.

अक्कल चालवणाऱ्याची नव्हे, यंत्राची आणि जोडणाऱ्याची लागते. अमेरिकेत 1917 ला आलेला फोर्डसन ट्रॅक्टर असाच मागं उलटायचा. तिथं पुढं मागच्या मडगार्डना लांब शेपट्या लावल्या, ट्रॅक्टर उभा राहिलाच तर त्या जमिनीला टेकाव्यात म्हणून. हॅरी फर्ग्युसन या यंत्रकारानं तीन बिंदूंची जोडणी काढली, म्हणजे नांगर खालच्या दोन आणि वरच्या एका हातानं धरायचा; तिच्यात नांगर अडला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं रेटते आणि तोंड खाली राहतं. पण ते तिन्ही हात मिळून. नुसत्या वरच्या पिनेला साखळी बांधली की काम बरोबर उलटं होतं. स्वीडननं 1959 ला नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारा लोखंडी सांगाडा सक्तीचा केला. त्याच साली आपल्याकडं फरिदाबादला आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर तयार झाला. आपले तेव्हाचे ट्रॅक्टर उघड्या सीटचे, तुमच्या आजोबांचाही तसाच असणार.

तर उसाच्या ट्रॉलीला जोडू नका. त्या वजनाचा भार, त्यात वाफ्यातून बाहेर काढायची चढण, शिवाय बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. कुळवणीला, पाणी उपसायला वापरा, खुशाल. रस्त्यावर नेताना डावा-उजवा ब्रेक पेडल पट्टीनं जोडून घ्या, नाहीतर घाईत एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा पडतो. हँडलनं चालू करायचा असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटून जाऊ द्या. पीटीओ, म्हणजे यंत्रं चालवायचा ट्रॅक्टरमागचा दांडा, फिरत असताना धोतर, पंचा, साडीचा पदर कुणाचाच जवळ नको.

नवे ट्रॅक्टरही उलटतात, हेही खरं. खालच्या हुकानं ओढलं तरी चाकं जखडली तर तोंड उचलतंच, फक्त धोका कमी होतो. त्यामुळं रुतलेली ट्रॉली आधी अर्धी रिकामी करा, मगच ओढा. आणि आबांसारखं कुणी 'आम्ही वर्षानुवर्षं असंच ओढतोय' म्हणालं, तर त्यांना साखळीला हात लावू देऊ नका.