इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने स्वतः जिवंत असताना मुलाला, तरुण हेन्रीला, राज्याभिषेक का करवला?

वारसाचा प्रश्न आधीच मिटवून टाकायला. त्याची आई माटिल्डा आणि तिचा आतेभाऊ स्टीफन यांच्यात गादीवरून जे यादवी युद्ध झालं, त्यातच हेन्री लहानाचा मोठा झाला. फ्रान्सचे राजे हयातीतच मुलाला मुकुट घालत. त्याने तोच मार्ग धरला.

गोम वेगळीच होती. मुकुट घालण्याचा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूचा, आणि ते थॉमस बेकेट ११६४ पासून फ्रान्समध्ये परागंदा! गुन्हा केलेल्या पाद्र्याला शिक्षा राजाच्या कोर्टाने करायची की चर्चच्या, यावरून राजाचं आणि बेकेटचं बिनसलेलं. शेवटी १४ जून ११७० रोजी वेस्टमिन्स्टरला यॉर्कच्या आर्चबिशपने, रॉजरने, पोपची मनाई डावलून पंधरा वर्षांच्या मुलाला अभिषेक केला. सुनेला, मार्गारेटला, मात्र वगळलं. व्याही म्हणजे फ्रान्सचा सातवा लुई, तो भडकणारच. ११७२ मध्ये विंचेस्टरला मुलगा-सून दोघांचा पुन्हा सोहळा करावा लागला.

मेजवानीची एक गोष्ट सांगतात. बापाने स्वतः मुलाला ताट वाढलं, तर चिरंजीव म्हणे, सरदाराच्या मुलाने राजाच्या मुलाची सेवा करावी हे रास्तच! (दुसऱ्या हेन्रीचा बाप राजा नव्हता, सरदार होता.) खरीखोटी देव जाणे, पण पोराचा स्वभाव कळतो.

इंग्लंडला परत येताना बेकेटने या अभिषेकावरून रॉजरला निलंबित केलं, लंडन आणि सॅल्सबरीच्या बिशपांना बहिष्कृत. तिघं तक्रार घेऊन नॉर्मंडीत राजाकडे गेले, राजा संतापला, आणि २९ डिसेंबरला चार सरदारांनी बेकेटला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच ठार केलं.

तरुण हेन्री ११८३ मध्ये, बापाच्या सहा वर्षं आधीच वारला.